ठाण्याला जातोय

गेलं वर्षभर मी दर दुसऱ्या शनिवारी ठाण्याला जातोय. ऐरोलीला ट्रान्स-हार्बरची लोकल पकडायची, मधे ते नवीन दिघा गाव स्टेशन, की आलंच ठाणं. दहा-बारा मिनिटांचा मामला. ऑफिसात कोणी विचारलं, "शनिवारी कुठे गायब असतोस रे?" तर मी खरं तेच सांगतो, "ठाण्याला". आणि मनातल्या मनात हसून घेतो.

कारण या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला "याला ठाण्याला न्या" याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. शंभरहून जास्त वर्षं एका अख्ख्या शहराचं नाव टिंगलीसाठी वापरलं जातंय. पुण्याकडे हेच काम येरवडा करतं, नागपूरकडे नागपूर, आणि आमच्या कोकणात रत्नागिरी. राज्यातली ही चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं, आणि चारही गावांच्या नावाने आपण एकमेकांना चिडवून मोकळे.

तर मी खरोखरच ठाण्याला जातो. रुग्णालयात नाही, एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे. पन्नास मिनिटं बोलतो, पैसे देतो, स्टेशनजवळ वडापाव खातो आणि परत येतो. यात लपवण्यासारखं काही नाही हे मला आता कळतं. पण आजचा विषय लाज हा नाहीच. लाजेवर बरंच लिहून झालंय. मला लिहायचंय पत्त्याबद्दल.

झालं असं की दीड वर्षापूर्वी एका रात्री रिलीज होतं. रात्री दोन वाजता डिप्लॉयमेंट नीट झालं, सगळ्यांनी ग्रुपवर अंगठे टाकले, आणि मी लॅपटॉप मिटताना छाती एकदम धडधडायला लागली. हात गार, तोंड कोरडं. आता आपण मरणार, याबद्दल माझ्या मनात काडीची शंका नव्हती. रूममेटने रिक्षात घालून जवळच्या हॉस्पिटलात नेलं. ईसीजी नॉर्मल. तिथल्या डॉक्टरांनी ॲसिडिटीची गोळी दिली आणि सांगितलं, "टेन्शन घेऊ नका." साडेतीन हजार रुपये बिल झालं. टेन्शन घेऊ नका, म्हणजे नक्की काय करू नका, हे विचारायचं राहिलं.

पुढच्या महिन्यात तेच तीनदा झालं. एकदा तर भर लोकलमधे, वाशीच्या पुलावर. खाली खाडी, आजूबाजूला शंभर माणसं, आणि उतरायला जागा नाही. तेव्हा ठरवलं की आता कोणालातरी गाठलं पाहिजे. मला कोणी समजवावं लागलं नाही. आमच्या कंपनीत दर वर्षी १० ऑक्टोबरला मानसिक आरोग्य दिन साजरा होतो, हिरव्या रिबिनी वाटतात, 'मन मोकळं करा' असे फलक लागतात. मी मन मोकळं करायला तयार होतो हो! पण कोणाकडे?

आणि इथून पुढे मला सहा आठवडे लागले. सहा आठवडे! एवढ्यात माणूस पासपोर्ट काढून दुबईला जाऊन येतो.

नवी मुंबई म्हणजे काही खेडं नव्हे. १९७० साली सिडको स्थापन झाली तेव्हापासून हे शहर कागदावर आखून मग जमिनीवर उतरवलेलं. सेक्टरप्रमाणे शाळा, बाजार, मैदान, सगळ्याला प्लॉट. पण मन बिघडलं तर कुठे जायचं, याचा नकाशा कोणाकडेच नाही. मी आपलं इंटरनेटवर शोधून फोन करायला सुरुवात केली. पहिल्या ठिकाणी सांगितलं, पुढची वेळ पाच आठवड्यांनी. दुसऱ्या ठिकाणी कळलं की बाई दहावीनंतर कोणती शाखा घ्यावी याचं समुपदेशन करतात. तिसऱ्या ठिकाणी एकाच पाटीवर समुपदेशन, अंकशास्त्र आणि पूर्वजन्माचं दर्शन. चौथ्या ठिकाणी फोनवर फी सांगायलाच तयार नाहीत, "तुम्ही या तर खरं!" आणि ज्यांनी फी सांगितली त्यांची आठशेपासून तीन हजारांपर्यंत. का आठशे आणि का तीन हजार, हे मला कळेना, कारण कोण काय शिकलंय हेच कळत नव्हतं.

हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं, म्हणून सांगून टाकतो. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे आधी एम.बी.बी.एस. आणि मग एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.पी.एम. केलेला डॉक्टर. निदान करणं आणि औषध देणं हे त्यांचं काम. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत, थेरपी करतात आणि मानसिक चाचण्या घेतात. सहसा एम.ए.नंतर दोन वर्षांचा एम.फिल. केलेला असतो आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. तो नोंदणी क्रमांक खुशाल मागावा, चांगली माणसं रागवत नाहीत. तिसरे समुपदेशक. यात फार उत्तम माणसं आहेत आणि महिनाभराचा ऑनलाइन कोर्स केलेलीही आहेत, दोघांची पाटी सारखीच. म्हणून विचारायचं: शिक्षण काय, किती वर्षं करताय, कोणत्या पद्धतीने करता, फी किती, साधारण किती भेटी लागतील. घर भाड्याने घेताना आपण पाण्याची वेळ आणि पार्किंगसुद्धा विचारतो. इथे मात्र गप्प बसतो, का तर "आपल्यालाच गरज आहे ना".

आणि खासगी परवडत नसेल तर मेडिकल कॉलेजं आहेत. नेरूळला डी. वाय. पाटील, कामोठ्याला एम.जी.एम. मेडिकल कॉलेज म्हटलं की मनोविकार विभाग असतोच, आणि तिथली ओपीडी खासगी क्लिनिकपेक्षा सहसा स्वस्त. हे मला कुठे वाचून कळलं नाही. ऑफिसात चहा देणाऱ्या मामांनी सांगितलं. त्यांच्या मुलीला ते तिथेच नेत होते. बघा, नकाशा होता, पण मामांच्या डोक्यात!

आता भाषेचा मुद्दा. माझ्या मते सगळ्यात मोठा.

दरम्यानच्या काळात मी कंपनीने दिलेली फोनवरची फुकट सेवा वापरून पाहिली. चार भेटी मोफत. पलीकडे दुसऱ्या राज्यातली एक मुलगी, फार चांगली, मन लावून ऐकणारी. बोलणं इंग्रजीत. तिने विचारलं, तेव्हा तुला काय वाटत होतं? आणि मी म्हणालो, स्ट्रेस. ती म्हणाली, अजून काही? मी म्हणालो, अँक्झायटी. संपला माझा शब्दकोश! अख्खं इंजिनिअरिंग इंग्रजीतून झालं, अमेरिकेतल्या क्लायंटशी रोज दोन तास बोलतो, पण त्या इंग्रजीत मला बग सांगता येतो, दुःख सांगता येत नाही.

पुढे ठाण्याच्या बाईंनी तोच प्रश्न मराठीत विचारला. "म्हणजे नक्की काय होतं?" मी म्हणालो, "घालमेल होते." त्या म्हणाल्या, "घालमेल की धाकधूक?" मी थांबलो. खरंच की! धाकधूक पुढच्या गोष्टीची असते, रिझल्टची, अप्रेझलची. घालमेल आत्ता, या क्षणी चाललेली असते, बसू देत नाही आणि उठूही देत नाही. रुखरुख मागच्या गोष्टीची. हुरहुर कशाची ते कळतच नाही. कसंनुसं होतं, जीव गुदमरतो, पोटात कालवतं, सगळं वेगवेगळं. बाईंनी माझ्याकडून दोन आठवडे नुसती वही लिहून घेतली: कधी घालमेल, कधी धाकधूक. त्यातून कळलं की माझं दुखणं रिलीजच्या आधीचं नव्हतंच. सगळं नीट पार पडलं की मग सुरू व्हायचं. काम संपलं की डोकं रिकामं व्हायचं आणि त्या रिकाम्या जागेत भीती शिरायची. सहा महिने मी कामाचा ताण कमी करायच्या मागे होतो, आणि भानगड वेगळीच होती.

म्हणून मराठीतून थेरपी मिळणं हा अस्मितेचा मुद्दा नाही, उपचाराचा आहे. यात आपलं नशीब तसं चांगलं. ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, म्हणजे आयपीएच, सुरू केली आणि मराठीतून मनाच्या आरोग्याबद्दल बोलायची एक पद्धतच पाडली. पुस्तकं, व्याख्यानं, 'वेध'सारखे कार्यक्रम, आता यूट्यूबवर 'आवाहन' चॅनल. ठाण्याचं नाव टिंगलीतून बाहेर काढायचं कामही त्याच गावाने केलं म्हणायचं.

आता तुम्ही म्हणाल, मग अडचण काय? ऑनलाइन आहे ना सगळं. आहे, पण त्याला एक खोली लागते. मी ऐरोलीत तिघांबरोबर वन बीएचकेत राहतो. ती चार फुकटची सत्रं मी सोसायटीच्या जिन्यात बसून केली. चौथ्या मजल्यावरच्या काकू दोनदा भाजी घेऊन वर गेल्या. मी दोन्ही वेळा वाक्य अर्धवट सोडून "हां, तो सर्व्हर मी बघतो" असं म्हणालो. पलीकडची ती मुलगी काय समजली असेल देव जाणे.

हे सगळं मी मजेत सांगतोय, कारण माझं निभावलं. पगार आहे, लोकल आहे, दहा मिनिटांवर ठाणं आहे. पण हे लिहायला बसलो ते माझ्यासाठी नाही, बाबांसाठी.

आमचं घर चिपळूणचं. बाजारपेठेत वह्या-पुस्तकांचं छोटं दुकान. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं. मी ऐरोलीत होतो, दिवसभर फोन लागत नव्हता. आई-बाबा वरच्या मजल्यावर असल्याने वाचले. दुकानातला शाळेच्या सीझनचा सगळा माल चिखल झाला. नंतर पंचनामा झाला. त्यात कपाटं, फ्रीज, माल, सगळं लिहिलं गेलं. बाबांची झोप त्या कागदावर कुठल्या रकान्यात लिहिणार?

तेव्हापासून पाऊस लागला की बाबा रात्री दोन-तीनला उठतात. टॉर्च घेऊन खाली जातात, गटाराचं पाणी बघतात, वर येतात, परत अर्ध्या तासाने खाली. आई फोनवर सांगायची, "काही नाही रे, सवय लागलीय त्यांना." मीही म्हणायचो, पूर आलेल्या गावात माणूस काळजी घेणारच. तीन पावसाळे आम्ही त्याला काळजी म्हणत राहिलो. मी स्वतः ठाण्याला जायला लागल्यावर एकदा आईने सहज सांगितलं की हल्ली त्यांचे हात गार पडतात. आणि माझ्या डोक्यात एकदम वाशीचा पूल आला.

गणपतीला गेलो तेव्हा बाबांना सांगून टाकलं. मी कुठे जातो, कशासाठी जातो, सगळं. बाबा बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "आता मला रत्नागिरीला न्यायचं ठरवलंयस की काय?"

मला वाटलं, ही घ्या, आली लाज. पण दुसऱ्या दिवशी दुकानात बसल्यावर तेच म्हणाले, "मला जायला काही नाही रे. पण गावात कोणाकडे गेलो तर खालचा केमिस्ट माझं गिऱ्हाईक, रिक्षावाला माझा वर्गमित्र. चार वाजता गेलो तर सहाला तुझ्या आईला लोक विचारायला येतील. आणि रत्नागिरी नव्वद किलोमीटर. दर पंधरा दिवसांनी दुकान बंद ठेवून जाऊ?"

याला लाज म्हणायचं का? मला तर हा सरळ हिशोब वाटतो. मोठ्या शहरात माणूस अनोळखी असतो, ही आपल्याला मिळालेली केवढी मोठी सवलत आहे हे त्या दिवशी कळलं. छोट्या गावातला माणूस दवाखान्यात एकटा जातच नाही, त्याच्याबरोबर अख्खं गाव जातं. आणि आपण इथे बसून म्हणतो, लोकांमधे जागृती नाही.

कायद्यात हे सगळं आहे बरं का. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून लागू आहे. उपचार हा हक्क आहे, ते राहत्या ठिकाणाजवळ मिळाले पाहिजेत, त्यासाठी कोणाला लांबचा प्रवास करावा लागू नये, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. आरोग्य विम्यातही मनाचे आजार शरीराच्या आजारांसारखेच धरायचे, हेही लिहिलंय. प्रत्यक्षात बहुतेक पॉलिसी हॉस्पिटलात दाखल झालात तरच कामाच्या, दर पंधरवड्याच्या पन्नास मिनिटांना त्यांच्या लेखी अस्तित्व नाही. बंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६ मधे बारा राज्यांत मोठं सर्वेक्षण केलं. नैराश्य, चिंता अशा सर्वसाधारण मानसिक आजारांमधे साधारण ८५ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत, असं त्यात निघालं. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण म्हणून आपल्याकडे चित्र फार वेगळं असेल असं समजायला माझं मन धजत नाही.

मग काय करायचं? एवढे तज्ज्ञ एका रात्रीत कुठून आणणार? पण याचंही उत्तर आपल्या शेजारीच शोधून झालंय. गोव्यात १९९६ पासून 'संगथ' ही संस्था काम करते. त्यांनी गोव्यातल्या सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना नीट प्रशिक्षण दिलं, आणि त्यांनी तीव्र नैराश्य असलेल्यांशी सहा ते आठ भेटींत ठरलेल्या पद्धतीने बोलायचं. निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट'मधे आले. तीन महिन्यांनी अशा समुपदेशनाने ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आलेले होते, नेहमीचीच सेवा मिळालेल्यांत ३९ टक्के. विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' प्रकल्पात गावातल्याच माणसांच्या मदतीने काम झालं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. तीच गावं, तीच माणसं, तीच लाज. फरक एवढाच पडला की ओळखीच्या भाषेत बोलणारं कोणीतरी जवळ आलं, कुठे जायचं हे कळलं. म्हणून म्हणतो, लाजेला आपण फार मोठं करून ठेवलंय. पत्ता मिळाला की लाज बरीचशी आपोआप बाजूला होते.

बाबांचं पुढे काय झालं? चमत्कार काही नाही. आमचे तीस वर्षांपासूनचे फॅमिली डॉक्टर आहेत. त्यांच्याकडे जायला गाव काही म्हणत नाही, "बीपी दाखवायला गेले असतील." आधी त्यांच्याशी बोललो. त्यांनी सगळ्या तपासण्या केल्या, एका मनोविकारतज्ज्ञांशी फोनवर बोलून झोपेचं औषध थोडे दिवस दिलं आणि नंतर बंद केलं. आणि माझ्या बाईंनी त्यांच्या ओळखीतले एक मानसशास्त्रज्ञ सुचवले, मराठीतून फोनवर बोलणारे. आता दर दुसऱ्या गुरुवारी रात्री नऊ वाजता बाबा दुकानाचं शटर अर्धं खाली ओढतात आणि आत बसून बोलतात. मला जिना मिळाला, बाबांना निदान दुकान तरी आहे. एकदा मी विचारलं, "काय बोलता हो एवढं?" म्हणाले, "पावसाबद्दल."

आई म्हणते, या पावसाळ्यातही ते रात्री उठले. पण एकदाच खाली गेले, आणि वर येऊन झोपले.

असो. सरकारने काय करावं याची यादी मोठी होईल, ती आपल्या हातात नाही. हातात असलेलं एक काम सांगतो. मित्राने सांगितलं की बरं वाटत नाहीये, तर "मी आहे रे, कधीही फोन कर" एवढ्यावर थांबू नका. तो रात्री दोनला फोन करणार नाही, मीही केला नव्हता. त्याला पत्ता द्या. तुम्ही गेला असाल तर नाव, फी, भाषा, स्टेशनपासून किती लांब, वेळ कधी मिळते, सगळं द्या. पहिला फोन त्याच्या शेजारी बसून तुम्हीच लावा. आणि काहीच माहीत नसेल तर १४४१६ हा नंबर तरी द्या. टेली-मानस, केंद्र सरकारची फोन सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील तर शनिवारची वाट बघू नका, लगेच लावा.

आपण चांगला सुतार सुचवतो, चांगली खानावळ सुचवतो, गुडघ्याचा डॉक्टर तर न विचारता सुचवतो. यालाही त्याच यादीत घालू या ना.

चला, पावणेदहाची लोकल आहे. ठाण्याला जातोय.